गजेंद्र 'व्हेअर' विचारत नाही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काली पुतळी चौकाजवळ उभ्या राहणाऱ्या ऑटोवाल्यांत एक इसम असा होता की तो सवारीला कुठे जायचं ते कधी विचारतच नसे. तुम्ही बसलात की गाडी सुरू. तुम्ही आपण होऊन "हनुमान चौक" म्हणालात तर हनुमान चौक. नाही म्हणालात तर ऑटो नाकासमोर चालत राहणार. एकदा एक नवराबायको भांडून बसले. त्याला वाटलं ती सांगेल, तिला वाटलं तो सांगेल. पार पुढचं गाव, वारासिवनी, आली तेव्हा दोघंही एकदमच ओरडले, आणि परत येताना म्हणे हसत हसत आले.

माझ्या नशिबी हसू नव्हतं. माझी दाढ ठणकत होती, तोंडाला पदर लावून मी त्याच ऑटोत बसले. मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि या माणसाने मला रेल्वे स्टेशनवर नेऊन उतरवलं.

"बॅग दिसली तुमच्यापाशी, म्हनून मले वाटलं गाडी पकडाची असंल," तो म्हणाला.

"विचारायचं नाही का?" मी दाढ धरून ओरडले.

त्याने ऑटो वळवला. भाडं मात्र त्याने घेतलं नाही, आणि मला डॉक्टरकडे सोडून बाहेर थांबूनही राहिला. म्हणजे माणूस चांगला होता. चांगल्या माणसांवर रागावणं फार कठीण जातं, आणि मला रागावायला आवडतं.

मी संघमित्रा रामटेके. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. घरी स्वस्थ बसवेना, म्हणून पुढच्या खोलीत क्लास काढला. मी तापट आहे असं लोक म्हणतात. लोक खरं बोलतात.

तर हा ऑटोवाला, गजेंद्र, एक दिवस माझ्या क्लासच्या दारात चपला काढून उभा. चाळिशीचा, अंगावर खाकी शर्ट, केसांना भरपूर तेल.

"मॅडम, मले सवाल शिकाचे हायत," तो म्हणाला.

"कसले सवाल?"

"इंग्रजीतले. जवाब नाई शिकले तरी चालते."

झालं होतं असं. मुक्कीकडे, कान्हाच्या जंगलाला लागून एक रिसॉर्ट आहे, तिथे ड्रायव्हरची कायमची जागा निघाली होती. गाडी तर तो झोपेतही चालवील. पण तिथे परदेशी पाहुणे येतात. मॅनेजर सक्सेनांनी सांगून टाकलं होतं की सीझन सुरू झाला की परीक्षा घेणार, आणि जो ड्रायव्हर पाहुण्यांना इंग्रजीत नीट विचारू शकेल त्यालाच ठेवणार. इकडे ई-रिक्षांनी ऑटोवाल्यांचा धंदा पार बसवला होता. गजेंद्र अर्धा दिवस चौकात माशा मारत बसे. बाप भरवेलीच्या मँगनीज खाणीत आयुष्यभर उतरला, पण याच्या वेळेला भरतीच निघाली नाही, आणि निघाली तेव्हा वय गेलेलं. आता ही नोकरी हातची गेली तर दुसरी दिसत नव्हती. बायको पौर्णिमेने तर देवाजवळ नारळ बोलून ठेवला होता.

मी फळ्यावर लिहायला घेतलं. हू म्हणजे कोण, व्हॉट म्हणजे काय, व्हेन म्हणजे केव्हा, व्हेअर म्हणजे कुठे, व्हाय म्हणजे काहून, हाऊ म्हणजे कसा. आपल्या मराठीचं बरं आहे, सूर चढवला की प्रश्न तयार. "तू येणार" हे नुसतं सुरात म्हटलं तरी समोरचा उत्तर देतो. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. तिथे प्रश्नाचा शब्द आधी, मग 'डू'-'आर'-'विल'पैकी कोणीतरी, मग माणूस, मग काम. पोरं वर्षानुवर्षं "व्हेन यू विल कम?" म्हणत राहतात आणि मी वर्षानुवर्षं डोकं आपटते.

गजेंद्रने फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, हे तं गाडीसारखं हाय. 'व्हेन' म्हंजे हेडलाइट, सबसे आगे. 'विल' ड्रायव्हर. 'यू' सवारी, मागं. आन् 'कम' म्हंजे डिक्कीतलं सामान. सवारीले ड्रायव्हरच्या पुढं कोन बसवते?"

बाकीची पोरं हसली. पण त्या दिवसापासून माझ्या क्लासमध्ये एकाही पोराने सवारी ड्रायव्हरच्या पुढे बसवलेली नाही. मी हा नियम आता माझाच म्हणून सांगते. गजेंद्रला चालतं.

माणूस भराभर शिकला. ऑटोत बसल्या बसल्या घोकायचा. "व्हेन विल यू कम? व्हॉट डू यू ईट? हाऊ मेनी बॅग्ज? हू इज धिस बॉय?" मोबाइलच्या दुकानात काम करणारा लोकेश क्लासला येई, तोसुद्धा त्याच्यापुढे फिका पडू लागला. मी मनातल्या मनात त्याची नोकरी पक्की करून टाकली होती.

मग एक दिवस मी नाटक बसवलं. लोकेशच्या खांद्यावर पिशवी अडकवली, दाराकडे उभं केलं आणि गजेंद्रला म्हटलं, "हा पाहुणा आहे. गाडीपाशी आलाय. विचार त्याला."

गजेंद्रने गळा साफ केला. "हाऊ आर यू, सर?"

"छान. पुढे?"

"हाऊ मेनी पीपल?"

"पुढे?"

"व्हेन विल यू कम बॅक?"

"अरे बाबा, जायच्या आधीच परत कुठे येतो? आधीचं विचार. महत्त्वाचं विचार."

तो विचारात पडला. "व्हॉट डू यू ईट?"

"गजेंद्र!"

"हू... हू इज ॲट होम?"

लोकेश बिचारा पिशवी घेऊन तसाच उभा. त्याने खायचं काय ते सांगितलं, घरी कोण आहे ते सांगितलं, आजीच्या गुडघ्यांचंही सांगितलं. फक्त तो चाललाय कुठे, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मी खडू आपटला. 'व्हेअर' फळ्यावर एवढं मोठं लिहिलं आणि म्हटलं, "हे म्हण. व्हेअर."

गजेंद्रने ओठ आवळून घेतले. कडू औषध समोर धरलेल्या पोरासारखे.

पोरं गेल्यावर मी त्याला थांबवून घेतलं. चहा दिला. मग म्हटलं, "काय भानगड आहे?"

"जानाऱ्या मानसाले 'कुठी' म्हनू नाई, मॅडम. टोक लागते."

मला वाटलं माझीच दाढ पुन्हा ठणकायला लागली. माझ्या घरात शकुन-अपशकुन चालत नाहीत. मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला दूध देतो. आणि हा माणूस माझ्याच घरात, माझाच चहा पीत, मला टोक लागण्याचं सांगत होता!

"अरे, पण हे तू इंग्रजीत विचारणार आहेस ना?"

"तं मंग देवाले का इंग्रजी समजत नसंल?"

मी बावीस प्रकारचे विद्यार्थी पाहिले असतील, पण हा सवाल मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. म्हणून मी रागावले. "म्हणजे मला दाढ दुखत असताना स्टेशनवर टाकलंस ते यासाठी?"

"हौ."

"आणि परीक्षेत काय करशील?"

"तेच सोचून राह्यलो," तो म्हणाला आणि बशीतला चहा थंड करत बसला. मला त्याची दया आली आणि ती आली म्हणून स्वतःचा संतापही आला. नोकरी एका शब्दापाशी अडून बसली होती आणि तो शब्द त्याला येत नव्हता असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच ऑटोत बसून भरवेलीला त्याच्या घरी गेले. कुठे जायचं ते मी स्वतःच सांगितलं, आता मला सवय झाली होती. मनात ठरवलं होतं, या सगळ्याचं मूळ घरातच असणार, ते उपटून यायचं.

मूळ अंगणात लसूण सोलत बसलं होतं. गजेंद्रची आई, अनुसयाबाई. बारीक अंगाची, नऊवारीचा ओचा खोचलेली, आवाज मात्र खाणीच्या भोंग्याएवढा. मी बोलायला सुरुवात केली तशी तिने मला खाट दिली, पाणी दिलं, आणि मग माझं भाषण पूर्ण ऐकूनही घेतलं. विज्ञान काय सांगतं, जग कुठे गेलं, सगळं.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता मायं आयका. गजेंद्रचे बाबूजी सारी जिंदगी खानीत उतरले. मी लगन होऊन आली तं सासूनं पयलीच गोठ सांगतली. मानूस डूटीवर निंगाला का 'कुठी' नाई म्हनाचं. कुठी जाते ते मालूम हाय ना आपल्याले? खाली जाते. मंग कायले तोंडातून काढाचं? 'कधी येता' इतकंच म्हनाचं. मी तेच म्हनत गेली. आन् मानूस रोज वापस आला. रिटायर झाला, आन् याच खाटेवर, मायाच हातची पेज पिऊन, पाय लंबे करून गेला."

त्याच खाटेवर मी बसले होते. मी जराशी कडेला सरकले.

तिच्या नवऱ्याचा, महागूंचा, फोटो भिंतीवर होता, टोपी घातलेला. माझं विज्ञान पाण्याच्या पेल्याबरोबरच घशाखाली गेलं. तरी मी हट्टी. म्हटलं, "पण अनुसयाबाई, पोराची नोकरी जाईल हो."

तेव्हा मात्र तिचे लसणावरचे हात थांबले. नोकरीचं तिलाही ठाऊक होतं. मग जणू सोपीच गोष्ट असावी तसं ती म्हणाली, "तं इच्यारू दे. कोनी भुलून टोकलंच, तं मानूस काय करते? वापस येते, बसते, पानी पिते, आन् मंग निंगते. टोक उतरते. इच्यार म्हना, आन् पानी पाज म्हना."

गजेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा असा उजळला की मला रागावायची पुन्हा चोरी झाली. परत येताना ऑटो चालवता चालवता तो मोठ्याने ओरडत होता, "व्हेअर! व्हेअर! व्हेअर डू यू वॉन्ट टु गो?" आणि प्रत्येक 'व्हेअर'नंतर गाडी कडेला घेऊन बाटलीतलं पाणी पीत होता. बालाघाट येईपर्यंत त्याला लघवीला दोनदा थांबावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले. मास्तरणीला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला घरी बसवलं नसतं. बैहरवरून मुक्कीला पोचलो तेव्हा सक्सेना पोर्चमध्ये तयारच होते. परीक्षा म्हणजे खरेच पाहुणे होते: हॉलंडचं एक म्हातारं जोडपं. दोघं उंच, दोघांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, दोघांच्या गळ्यात दुर्बिणी. ते येऊन जीपमध्ये बसले. सक्सेनांनी गजेंद्रला खूण केली, विचार.

गजेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

"गुड मॉर्निंग. व्हेअर डू यू वॉन्ट टु गो, मॅडम?"

हेडलाइट, ड्रायव्हर, सवारी, सामान. सगळं जागच्या जागी! मी टाळी वाजवणार तेवढ्यात गजेंद्रने जीपचं दार उघडलं.

"नाउ प्लीज कम डाउन."

"क्या कर रहे हो?" सक्सेना दबक्या आवाजात म्हणाले.

"प्लीज. कम डाउन. सिट. ड्रिंक वॉटर. देन गो."

म्हाताऱ्याने म्हातारीकडे पाहिलं, म्हातारीने जीपकडे पाहिलं. गाडी बिघडली असावी असा त्यांचा समज झाला. दोघं उतरले. गजेंद्रने पोर्चमधल्या दोन खुर्च्या ओढल्या, त्यांना बसवलं, आणि घरून आणलेल्या लोट्यातून पेल्यात पाणी ओतलं. सक्सेनांचा चेहरा पिकल्या टमाट्यासारखा झाला होता. मी मनात म्हटलं, गेली. नोकरी गेली, नारळ गेला, मुळापासून सगळं गेलं.

म्हातारीने पेला हातात घेतला पण प्याली नाही. तिने विचारलं, "व्हाय?"

एकच शब्द. आणि आम्ही घोकून घेतले होते ते फक्त प्रश्न. उत्तरं नकोतच म्हणून तो स्वतःच म्हणाला होता. गजेंद्र उभा राहिला. हात मागे बांधले. शाळेत पोर कविता म्हणायला उभं राहतं तसा.

"माय फादर, माइन्स," तो म्हणाला. "अंडर. एव्हरी डे गो अंडर. माय मदर नेव्हर आस्क व्हेअर. शी नो व्हेअर. शी ओन्ली आस्क, व्हेन कम. ही एव्हरी डे कम." मग त्याने थोडा विचार केला आणि पुढे जोडलं, "आय आस्क यू व्हेअर. सॉरी. सो, वॉटर."

त्यात चुका किती होत्या ते मला विचारू नका. मी तिथल्या तिथे सुधारणारच होते, पण एकही सुधारली नाही. याचा मला अजूनही राग येतो.

 म्हातारीने पेला एका दमात संपवला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्यानेही संपवला. दोघं उठले, जीपमध्ये बसले, आणि म्हातारी गजेंद्रला म्हणाली, "व्हेन विल वी कम बॅक?"

"इव्हिनिंग," गजेंद्र म्हणाला. "आय ब्रिंग."

संध्याकाळी त्याने त्यांना आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आपण होऊन पोर्चमधल्या खुर्च्यांवर येऊन बसले आणि पाण्याची वाट पाहू लागले. इतर पाहुण्यांनी पाहिलं, त्यांनाही बसायचं होतं. सक्सेना मॅनेजर असले तरी डोक्याने हुशार. त्यांनी गजेंद्रला नोकरी दिली, खुर्च्यांवर फुलाफुलांची गादी टाकली, लोटा घासून चकाचक केला आणि लोट्याला झेंडूची माळ घातली. ही म्हणे इथली प्राचीन निरोपाची परंपरा. अंधश्रद्धेला टेबलक्लॉथ घातला हो त्या माणसाने! मी चार शब्द सुनावणार होते, पण कायमच्या नोकरीचा कागद गजेंद्रच्या हातात पडेपर्यंत तोंड आवरलं.

नोकरीत राहायचं तिथेच होतं. मुक्की काही रोज जाऊन येऊन करण्याजोगं नाही. सीझनभर तिथे मुक्काम, सुट्टी मिळेल तेव्हा घर. हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होतं, पण मिळेल की नाही याच्या काळजीत कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आई तर अजिबातच नाही. तिने परीक्षेसाठी लोटा घासून दिला होता, तोडगा सांगितला होता, आणि पोरगं पास झालं म्हणून आळीभर साखर वाटली होती.

जायच्या दिवशी मी भरवेलीला गेले. पौर्णिमेने पोहे केले होते. रिसॉर्टची जीप गोंदियाला पाहुणे सोडून परत जाताना याला वाटेत उचलणार होती. ती आली, सडकेवर उभी राहिली आणि भोंगा वाजवू लागली. गजेंद्रने पेटी उचलली. आईच्या पाया पडला, माझ्याही पडला.

"येतो, आई."

"कधी येशीन?" अनुसयाबाई म्हणाली, अगदी नेहमीसारखी.

"सुट्टी भेटली का येतो."

तो अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला. आगळ काढली. तेवढ्यात मागून खाणीच्या भोंग्याएवढा आवाज आला.

"गजेंद्र! कुठी चालला रे?"

पौर्णिमेच्या हातातली पोह्यांची ताटली खाली पडली. शेजारीण कुंपणावरून बघायला लागली. साऱ्या जिंदगीत या बाईने नवऱ्याला, पोराला, गल्लीतल्या परक्या माणसालाही हा शब्द कधी म्हटला नव्हता. मला वाटलं म्हातारीला विसर पडायला लागला. मी घाईने म्हणाले, "अनुसयाबाई, तो मुक्कीला चाललाय. नोकरीवर."

"मले मालूम हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुमी चूप बसा."

गजेंद्र फाटकापाशी थांबला होता. मग पेटी घेऊन परत आला, बापाच्या खाटेवर बसला. अनुसयाबाईने माठातून पाणी आणलं, त्याच्या हातात पेला दिला आणि त्याच्या शेजारी टेकली. तिने हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. सडकेवर भोंगा वाजतच होता. मला भोंग्याचा फार संताप आला. त्या ड्रायव्हरला जाऊन दोन शब्द ऐकवावेत असं वाटलं, पण मी हलले नाही.

गजेंद्र सावकाश पीत होता, घोट घोट, जणू पाणी गरम आहे. शेवटी पेला रिकामा झाला. त्याने आत पाहिलं आणि तो परत आईपुढे धरला.

"अजून दे," तो म्हणाला.